आवाज गेला की वाचा?

बिदर-कलबुर्गीच्या सीमाभागात मी मराठी शिकवतो. एक दृष्टिहीन विद्यार्थी म्हणाला, "सर, तुमचं पान कोरं हाय." पान कोरे नव्हते, त्याचा संगणक ते वाचेना.

पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी एनव्हीडीए ही मोफत प्रणाली २००६ साली ऑस्ट्रेलियात सुरू झाली. ती गप्प झाली, तर आधी पाहावे : आवाज गेला की वाचा? इतर ध्वनीही बंद असतील, तर आवाजाची कळ, हेडफोन, ब्लूटूथ तपासावे. फक्त वाचन थांबले असेल, तर इन्सर्ट आणि एस या कळा चुकून एकत्र दाबल्या गेल्या असतील. बोलणे सुरू होईपर्यंत त्याच पुन्हा दाबाव्यात. तरीही बोलेना, तर कंट्रोल, अल्ट व एन एकत्र दाबून प्रणाली नव्याने सुरू करावी. इंग्रजी वाचून मराठी गाळत असेल, तर निवडलेल्या आवाजाला देवनागरी येत नाही; ईस्पीकमधला मराठी आवाज घ्यावा. त्यात कन्नडही आहे.

हे सारे करूनही ते पान बोलले नाही. मी हस्तलिखित टिपणाचा फोटो पाठवला होता. त्यात अक्षरे नव्हती, अक्षरांचे चित्र होते. दोष संगणकाचा नव्हता, माझा होता. आता टिपणे युनिकोडमध्ये टंकून देतो.