मोटारगाडी, बसगाडी आणि सार्वजनिक पैसा

सकाळी दहाच्या सुमारास भारतातील कोणत्याही मोठ्या शहराच्या चौकात एक दृश्य हमखास आढळते. उतारूंनी भरलेली एक बसगाडी चाळीस मोटारींच्या मागे खोळंबून उभी असते. एका मोटारीत सरासरी दीड माणूस धरला, तर त्या चाळीस मोटारींत मिळून साठ माणसे होतात. आणि गर्दीच्या वेळी जवळजवळ तितकीच माणसे त्या एका बसमध्ये असतात. तथापि रस्त्याच्या हिशेबात चाळीस मोटारी ही चाळीस वाहने ठरतात आणि बस हे केवळ एक वाहन ठरते.

या दृश्यामागे अर्थशास्त्रातील एक महत्त्वाचा प्रश्न दडलेला आहे. शासनाच्या हाती असलेला पैसा मर्यादित असतो. तो मोटारींच्या निर्मितीला उत्तेजन देण्यासाठी वापरावा, की बस व आगगाडी यांसारख्या सार्वजनिक वाहनांसाठी? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी शासकीय साहाय्य कोणकोणत्या रूपांनी दिले जाते, हे पाहिले पाहिजे.

साहाय्याची दृश्य आणि अदृश्य रूपे

साहाय्य म्हणजे केवळ तिजोरीतून काढून दिलेली रक्कम नव्हे. स्वातंत्र्यानंतर भारतीय मोटार उद्योगाला जे पहिले मोठे साहाय्य मिळाले, ते रोख रकमेच्या रूपात नव्हतेच. हिंदुस्थान मोटर्स ही कंपनी १९४२ मध्ये आणि वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ मध्ये स्थापन झाली. परदेशी बनावटीच्या तयार गाड्यांच्या आयातीवर पुढे कडक निर्बंध आले. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर, ज्यांचा देशातच भाग बनविण्याचा कार्यक्रम नव्हता अशा निव्वळ जुळणी करणाऱ्या कारखान्यांना काम आटोपते घ्यावे लागले. परकीय स्पर्धेपासून मिळालेले हे संरक्षण हेही साहाय्यच होय. फरक इतकाच की, त्याची किंमत करदात्याऐवजी ग्राहकाने मोजली. त्याला निवडीला वाव उरला नाही आणि गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागले.

दुसरे रूप भांडवलाचे. १९८१ मध्ये मारुती उद्योग ही सरकारी कंपनी स्थापन झाली. १९८२ मध्ये जपानच्या सुझुकी कंपनीशी करार झाला. प्रारंभी भारत सरकारचा हिस्सा शेकडा ७४ होता. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मोटार ग्राहकाच्या हाती आली. पुढे सरकारने आपला हिस्सा टप्प्याटप्प्याने विकला.

तिसरे रूप जमिनीचे व स्वस्त कर्जाचे. पश्चिम बंगालमधील सिंगूर येथे टाटा मोटर्सच्या छोट्या मोटारीच्या कारखान्यासाठी २००६ मध्ये सुमारे हजार एकर शेतजमीन संपादन करण्यात आली. शेतकऱ्यांच्या विरोधामुळे २००८ मध्ये तो प्रकल्प गुजरातेतील साणंद येथे गेला. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिंगूरचे भूसंपादन रद्द ठरविले. एखादा कारखाना आपल्या राज्यात यावा म्हणून राज्ये परस्परांत चढाओढ करतात, तेव्हा सवलतींचे पारडे कसे जड होत जाते, हे अशा प्रकरणांतून दिसते.

चौथे रूप उत्पादनाशी निगडित प्रोत्साहनाचे. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार व सुटे भाग उद्योगासाठी २५,९३८ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिचा रोख विजेवर व हायड्रोजनवर चालणाऱ्या वाहनांकडे आहे, आणि तीत मोटारींबरोबर दुचाकी, मालमोटारी व बस यांचाही समावेश होतो. सार्वजनिक वाहतुकीच्या बाजूने पाहता, ऑगस्ट २०२३ मध्ये शहरांतून १०,००० विजेच्या बस चालविण्याची योजना मंजूर झाली. तिच्या ५७,६१३ कोटींच्या अंदाजित खर्चापैकी २०,००० कोटी रुपये केंद्राने द्यावयाचे आहेत. दोन्ही योजनांचे हेतू व मुदती भिन्न असल्याने या आकड्यांची सरळ तुलना करणे योग्य होणार नाही. शिवाय खरा फरक रकमेत नसून ती रक्कम खर्च झाल्यावर रस्त्यावर काय घडते, यात आहे.

रस्त्याचे गणित

समजा, एका रस्त्याची एकच पट्टी केवळ मोटारींसाठी ठेवली आहे. वाटेत एकही चौक नाही आणि दर दोन सेकंदांनी एक मोटार पुढे जाते. म्हणजे तासाला १,८०० मोटारी जातील, व प्रत्येकीत दीड माणूस धरल्यास २,७०० माणसे पुढे जातील. आता तीच पट्टी बससाठी राखून ठेवली आणि दर अर्ध्या मिनिटाला साठ उतारूंची एक बस सोडली, तर तासाला १२० बसमधून ७,२०० माणसे जातील. शिवाय दोन बसच्या मध्ये पट्टी बराच वेळ मोकळी राहील. मुंबईच्या उपनगरी रेल्वेने दररोज लाखो उतारू जा-ये करतात. तितक्या माणसांना मोटारीतून नेण्याइतकी रुंदी त्या शहरातील सर्व रस्ते एकत्र केले तरी मिळणार नाही.

एक जण वाढला म्हणजे काय होते?

मोटार आणि बस यांच्यातील मूलभूत भेद याहूनही खोल आहे. भरलेल्या रस्त्यावर आणखी एक मोटार आली की, मागील प्रत्येक मोटार किंचित मंदावते. त्या चालकाला स्वतःचा उशीर जाणवतो. इतर शेकडोंना त्याच्यामुळे झालेला उशीर त्याच्या हिशेबात कधीच येत नाही. रस्ता रुंद केला, तर पूर्वी अन्य वेळी, अन्य मार्गाने किंवा बसने जाणारे लोक त्या रस्त्यावर येतात आणि कोंडी पुन्हा जमते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच हे तत्त्व मांडले होते.

बसचे याच्या नेमके उलट आहे. एखाद्या मार्गावर तासाला सहा बस असतील, तर दोन बसमधील अंतर दहा मिनिटांचे, आणि थांब्यावर येणाऱ्यास सरासरी पाच मिनिटे वाट पाहावी लागते. उतारू वाढले म्हणून बारा बस सोडल्या, तर ही प्रतीक्षा अडीच मिनिटांवर येते. म्हणजे नव्या उतारूंमुळे जुन्या उतारूंचाही लाभ होतो. हर्बर्ट मोहरिंग या अर्थशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये या परिणामाचे विवेचन केले, आणि सार्वजनिक वाहतुकीस साहाय्य देण्याच्या बाजूने हा एक सबळ युक्तिवाद मानला जातो.

हे चक्र उलटही फिरते. मोटारी वाढल्या की त्याच रस्त्यावरील बस अडकते. एक फेरी पूर्ण करण्यास अधिक वेळ लागला म्हणजे तितक्याच बसमध्ये फेऱ्या कमी होतात. प्रतीक्षा वाढते, आणि ज्याला परवडते तो दुचाकी किंवा मोटार घेतो. परिवहन संस्थेचे उत्पन्न घटते, जुन्या बस बदलता येत नाहीत, फेऱ्या आणखी कमी होतात. अखेर थांब्यावर तेच उरतात ज्यांना दुसरा उपाय नसतो. यावरून असे दिसते की, एका हाताने मोटारीला व दुसऱ्या हाताने बसला साहाय्य दिले आणि दोन्ही एकाच पट्टीवर सोडली, तर पहिला पैसा दुसऱ्या पैशाचे काम बिघडवतो.

ज्यांना दुसरा उपाय नाही त्यांची संख्या लहान नाही. २०११ च्या जनगणनेनुसार शेती व घरगुती उद्योग सोडून अन्य व्यवसाय करणाऱ्यांपैकी शेकडा तीनांहूनही कमी लोक कामावर मोटारीने जात. बसने जाणारे शेकडा सुमारे अकरा होते, आणि पायी जाणारे त्याच्या जवळजवळ दुप्पट.

कारखान्याची बाजू

मोटार उद्योगाच्या बाजूनेही बरेच सांगता येण्यासारखे आहे. एका कारखान्याभोवती काच, रबर, पोलाद, विजेची उपकरणे अशा शेकडो लहानमोठ्या उद्योगांचे जाळे विणले जाते. गुडगाव, पुणे, चेन्नई या परिसरांत असे जाळे उभे राहिले, कुशल कारागिरांच्या पिढ्या तयार झाल्या आणि निर्यातही वाढली. बसचे इंजिन बनविणारे कौशल्य याच उद्योगातून येते. ज्या गावी दिवसातून एकदाच बस येते, तेथे रात्री रुग्णाला नेण्यास मोटारीवाचून मार्ग नसतो. शिवाय मोटारीचा मालक इंधनावर व खरेदीवर करही भरतो.

परंतु यातून निघणारा निष्कर्ष असा की, कारखान्याला दिलेले साहाय्य हे औद्योगिक धोरण आहे. ते वाहतुकीचे धोरण नव्हे. रोजगार हा हेतू असेल, तर बस व रेल्वेचे डबे बनवूनही रोजगार मिळतो, आणि त्यांत भर पडते ती चालक, वाहक व आगारातील कारागिरांची. करांच्या बाबतीतही विचारास जागा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारीवर आणि बसवर वस्तू व सेवा कराचा दर सारखाच, म्हणजे शेकडा १८ झाला. साठ जणांना नेणारे वाहन आणि दीड जणाला नेणारे वाहन कराच्या दृष्टीने एकाच पंक्तीत बसले.

दुसरीकडे, सार्वजनिक वाहतुकीवरील प्रत्येक खर्च आपोआप सत्कारणी लागतो असेही नाही. उतारू नसलेल्या मार्गावरील भव्य प्रकल्प हाही अपव्ययच होय. दिल्लीत २००८ मध्ये सुरू झालेला बसचा राखीव मार्ग मोटारचालकांच्या तीव्र विरोधानंतर २०१६ मध्ये उखडण्यात आला. २००९ मध्ये सुरू झालेला अहमदाबादचा ‘जनमार्ग’ मात्र टिकला. आखणी, अंमलबजावणी आणि लोकमताची तयारी यांवाचून नुसता पैसा पुरत नाही.

मापदंड कोणता?

१९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याने राज्यांच्या परिवहन महामंडळांना व्यावसायिक तत्त्वांवर कारभार करण्यास सांगितले. त्याच महामंडळांकडून तोट्याच्या मार्गावरील खेड्यापर्यंत बस नेण्याची अपेक्षाही धरली गेली. शाळेला जाणारी मुलगी, बाजाराला निघालेली भाजीवाली, रुग्णालयात जाणारा वृद्ध यांना त्या बसने जो लाभ होतो, तो तिकिटाच्या पैशांत मावत नाही. म्हणून त्या बसच्या तोट्याला केवळ तोटा म्हणणे हे हिशेबाचे अर्धे पान वाचण्यासारखे आहे.

२००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने एक साधे तत्त्व स्वीकारले : वाहने पुढे नेण्यापेक्षा माणसे पुढे नेण्याकडे लक्ष द्यावे. सार्वजनिक पैशाच्या प्रत्येक रुपयाला हाच प्रश्न विचारता येतो. या रुपयाने किती माणसे, किती वेळात, किती जागेत इच्छित स्थळी पोहोचली, आणि त्यामुळे इतरांची वाट मोकळी झाली की अडली? चौकात खोळंबलेल्या त्या बसमधील साठ उतारूंना या हिशेबात साठ म्हणून मोजले, तर अर्थसंकल्पातील कोणते पारडे जड असावे, हे ठरविणे फारसे कठीण राहणार नाही.