चावरी पाल ठेवायची की देऊन टाकायची?

टोकूनं भाच्याचा अंगठा धरला तो सोडेचना. ताई मागून ओरडत होती, "अरे, ओढून काढ त्याला!" मी नेमकं उलट सांगत होते: ओढू नकोस, हात पेटीच्या तळाला टेकव आणि अजिबात हलू नकोस. टोके पालीचे दात बारीक असतात, पण जबड्याची पकड भलतीच घट्ट. आपण ओढायला गेलो की ती आणखी आवळते. आपली कातडी फाटते आणि तिचा जबडाही दुखावतो. सात-आठ मिनिटं गेली. पायांखाली जमीन लागली, तोंडातला हात निपचित राहिला, तसा टोकूनं जबडा सैल केला आणि सर्रकन काचेवर चढून गेला. अंगठ्यावर अर्धगोलात टाचणी टोचल्यासारखे लाल ठिपके उमटले होते. साबणानं वाहत्या पाण्याखाली जखम धुतली. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बरीच वर्षं झाली होती, ते दुसऱ्या दिवशी जाऊन घेतलं.

त्या रात्री ह्यूस्टनमधल्या ताईच्या घरात एकच विषय होता, ही पाल ठेवायची की नाही. मी सांगलीला 30 वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, निवृत्तीनंतर तीन महिने बहिणीकडे राहायला गेले होते. जेवणाच्या टेबलावर जो तो ठामपणे काहीतरी सांगत होता आणि त्यातलं बरंचसं ऐकीव होतं. ऐकीव गोष्टींवर एका जिवाचं भवितव्य ठरू नये असं मला मनापासून वाटत होतं.

ताईच्या सासूबाईंना पहिली धास्ती विषाची. टोकू रात्री ओरडायला लागला की त्या अंथरुणातूनच "कृष्ण कृष्ण" म्हणायच्या. त्यांची भीती मला परकी नव्हती. दुधात पाल पडली आणि घरदार दगावलं, ही गोष्ट आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकली आहे. पण जगात पालींच्या दोन हजारांच्या आसपास जाती आहेत आणि त्यातली एकही विषारी नाही. सरड्यांच्या मोठ्या कुळात विषारी म्हणून प्रसिद्ध आहे तो अमेरिका-मेक्सिकोतला गिला मॉन्स्टर, आणि तो पाल नव्हे. बंगालीत टोके पालीला चक्क 'तक्षक' म्हणतात. परीक्षिताला दंश करणाऱ्या नागाचं नाव या गरीब प्राण्याला चिकटलं, यावरून लोकांनी तिचा केवढा धसका घेतला असेल ते दिसतं.

विष नाही म्हणून धोका अजिबात नाही, असंही नाही. पालींच्या आतड्यात साल्मोनेला हे जिवाणू असतात, पाल ठणठणीत असली तरी. दुधात पडलेल्या पालीनं कोणी आजारी पडत असेल, तर ते विषामुळे नव्हे, अशा जंतूंमुळे. म्हणूनच पाच वर्षांखालची मुलं, 65 च्या पुढची माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांनी सरपटणारे प्राणी हाताळू नयेत, असा सल्ला अमेरिकेचं रोगनियंत्रण केंद्र देतं. सासूबाईंनी दूर राहावं हे बरोबरच होतं. पेटीतली भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायची नाहीत, हा नियम मी पहिल्याच दिवशी घालून दिला.

दुसरं मत भाच्याचं. तो म्हणाला, "मावशी, हा मुळातच रागीट आहे. जातच तशी आहे." यातलं अर्धं खरं आहे. टोके पालीची ख्याती पाळणाऱ्यांमध्ये चावरी म्हणूनच आहे. निळसर राखी अंग, त्यावर केशरी ठिपके, नर चांगला फूटभर लांब. पण तिच्या वागण्याला राग म्हटलं की पुढचा विचारच थांबतो. ईशान्य भारतापासून बांगलादेश, म्यानमार, थायलंड, इंडोनेशियापर्यंतच्या झाडांवर आणि घरांच्या भिंतींवर राहणारा हा निशाचर प्राणी. नर आपली हद्द राखतो, दुसरा नर आत आला की मारामारी होते. मादी खोडावर किंवा भिंतीवर अंडी चिकटवते आणि ही पाल त्या अंड्यांवर पहारा देते. सरपटणाऱ्या प्राण्यांत अशी राखण करणारे थोडेच. जो प्राणी जागा राखायलाच घडला आहे, त्याच्या जागेत आपण पाच बोटं घातली तर तो दुसरं काय करेल?

शिवाय तो सूचना देतो. मी रोज रात्री दहानंतर, घरातले दिवे मालवले की पेटीपासून हातभर अंतरावर खुर्ची टाकून बसायची. टोकू आधी अंग उचलायचा. मग तोंड वासायचा, आतला लाल रंग दिसेल इतकं. मग भुंकल्यासारखा एक आवाज. एवढं करूनही हात पुढे आलाच, तर झेप. भाच्यानं ही सगळी भाषा पाहिली होती, पण ती आपल्याशी बोलली जाते आहे हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

चौथ्या रात्री आणखी एक गोष्ट दिसली. टोकू काचेवर उलटा बसला होता आणि मला त्याचे तळवे खालून दिसत होते. मागच्या डाव्या पायाच्या दोन बोटांवर जुन्या कातीचं पांढरं कडं अडकलं होतं. पालीच्या पायाला गोंदासारखं काही असतं, असं ताईला वाटायचं. तसं काही नसतं. टोके पालीच्या एकेका पायावर पाच लाखांच्या घरात सूक्ष्म केस असतात, प्रत्येकाला शेकडो फाटे, आणि त्या टोकांचे रेणू पृष्ठभागाच्या रेणूंना ओढून धरतात. 2000 ते 2002 या काळात केलर ऑटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच जातीवर प्रयोग करून हे सिद्ध केलं. हवेत ओलावा कमी पडला की कात पूर्ण निघत नाही, ती बोटांभोवती आवळत जाते, रक्त अडतं, आणि शेवटी बोट झडू शकतं. म्हणजे ज्याला आम्ही रागीट म्हणत होतो त्याची बोटं दुखत असणार. कात टाकायच्या दिवसांत पाली एरवीही चिडखोर होतात. त्यात ही पेटी चारी बाजूंनी उघड्या काचेची, दिवाणखान्यात, टीव्हीशेजारी. लपायला एक प्लास्टिकची गुहा, तीही जमिनीवर. आणि हा प्राणी उंचावर राहणारा.

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी काती काढल्या, विष्ठा तपासली, जंतांचं औषध दिलं. "हा पकडलेला दिसतो," असं त्या म्हणाल्या. विकणाऱ्यानं मात्र पिंजऱ्यात जन्मलेला म्हणून दिला होता. इथे पाळणाऱ्यांनी सावध राहायला हवं. इंडोनेशियानं 2014 मध्ये सहा कंपन्यांना वर्षाला 30 लाखांहून अधिक 'पैदास केलेल्या' जिवंत टोके पाली निर्यात करायला परवानगी दिली होती. एवढी पैदास प्रत्यक्षात करायची तर किती माद्या, किती पिंजरे, किती माणसं लागतील याचा हिशोब ट्रॅफिक या संस्थेनं मांडला आणि तो आकडा विश्वासार्ह नाही असं दाखवलं. रानातून पकडलेला प्राणी जंत, जखमा आणि धास्ती घेऊन येतो. चांगल्या माणसाकडे अंड्यातून वाढलेली पाल तुलनेनं शांत असते. म्हणून विकत घेण्याआधी आईबाप कुठे आहेत, अंडी कधी फुटली, हे विचारायचं. उत्तर देता आलं नाही तर परत फिरायचं.

"रोज अर्धा तास हातात धरला की माणसाळतो," हे भाच्यानं कुठेतरी ऐकलं होतं आणि त्यातूनच तो अंगठा सापडला होता. या एका गैरसमजानं पालींचे आणि माणसांचे किती हाल होतात! कुत्रा माणसाच्या सहवासात हजारो वर्षं घडला, पालीच्या रक्तात तसं काही नाही. जबरदस्तीनं धरलेली पाल काही दिवसांनी धडपड थांबवते, पण ते सुटायची आशा सोडून गप्प होणं असू शकतं. त्याला माया समजू नये. टोके पालीच्या बाबतीत हात हा शब्दच विसरावा. सवय लावायचीच तर चिमट्यानं खाऊ द्यायची लावावी.

आम्ही पेटी टीव्हीपासून उचलून भाच्याच्या खोलीत नेली आणि तीन बाजूंना काळा कागद लावला. बुचाच्या सालीची पोकळ नळकांडी उभी बांधली, दाट पानांच्या वेली सोडल्या. सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा सुरू केला. आणखी एक बदल केला तो मात्र माझ्या अंदाजानं. बर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी 2023 मध्ये दाखवलं, की टोके पाल स्वतःचा वास आणि दुसऱ्या पालीचा वास वेगळा ओळखते. भाचा दर रविवारी अख्खी पेटी जंतुनाशकानं घासून काढायचा, म्हणजे बिचाऱ्याला आठवड्याला एकदा परक्या घरात टाकायचा. मी सांगितलं, घाण झालेली जागा तेवढी पुसत जा, बाकी त्याचा वास राहू दे.

सहा आठवड्यांनी टोकूनं चिमट्यातलं झुरळ घेतलं. आधी मान बाहेर काढली, डोळ्यावरून जीभ फिरवली (त्याला पापण्या नसतात, डोळा असाच स्वच्छ ठेवावा लागतो), आणि मग एका झटक्यात झुरळ नाहीसं. तोंड वासणं कमी झालं. हात आत गेला तर तो आजही चावेल, आणि ते तसंच राहणार आहे.

"छोटी पेटी आणि एक बल्ब, खर्च तो काय?" असं भाऊजी विकत घेताना म्हणाले होते. खरं पाहता पाल सर्वात स्वस्त आणि तिची सोय महाग. एका मोठ्या पालीला निदान 45 सेंटीमीटर लांब-रुंद आणि 60 सेंटीमीटर उंच पेटी लागते, त्याहून मोठी असेल तर फारच बरं. दिवसा 26 ते 30 अंश, एका कोपऱ्यात थोडं अधिक, रात्री जरा उतरतं तापमान आणि 60 ते 80 टक्के आर्द्रता. आहार म्हणजे जिवंत रातकिडे आणि झुरळं, त्यांनाही आधी नीट खाऊ घातलेलं, आणि वरून कॅल्शियमची पूड. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व कमी पडलं की हाडं मऊ होतात, जबडा लिबलिबीत होतो, पाय वाकतात. असा वाकडा झालेला पाय पुन्हा सरळ होत नाही.

आयुष्य? 10 ते 15 वर्षं, कधी त्याहून जास्त. भाचा 19 वर्षांचा आहे.

ताईनं एका संध्याकाळी हळूच विचारलं, "मागच्या झाडीत सोडून दिला तर? त्याचंही भलं, आपलंही." तिच्या मनात कळवळाच होता. पण पाळीव टोके पाली सुटून, सोडल्या जाऊन फ्लोरिडात कायमच्या वस्तीला आल्या आहेत आणि तिथल्या लहान सरड्या-बेडकांच्या जिवावर जगतात. जिथे थंडी जास्त तिथे सोडलेली पाल गारठून मरते. ठेवायची नसेल तर जाणत्या पाळणाऱ्याला किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बचावसंस्थेला द्यायची, तिसरा मार्ग नाही. ज्याच्याकडून घेतली त्यानं तर परत घ्यायला साफ नकार दिला होता.

इकडे भारतातल्या वाचकांसाठी उत्तर सोपं आहे: टोके पाल पाळायचीच नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यानं ती संरक्षित आहे. पकडणं, विकणं, घरात ठेवणं हा गुन्हा आहे. 2019 पासून वन्य जिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टातही तिचं नाव आहे. आसामात जिला केको साप म्हणतात त्या या पालीला लाखो रुपये मिळतात, तिच्यापासून एड्स-कर्करोगाचं औषध होतं, या अफवेनं 2010 च्या आसपास आशियाभर उच्छाद मांडला. फिलिपिन्सच्या आरोग्य खात्याला 2011 मध्ये जाहीर सांगावं लागलं, की याला कुठलाही आधार नाही आणि यावर विसंबून खरा उपचार टाळू नका. तरी ईशान्येत आजही तस्कर पकडले जातात. या अफवेपायी पाली जातातच. पण खरं औषध सोडून पालीच्या भुकटीवर विसंबणारा रुग्ण आठवला की माझ्या पोटात तुटतं.

ज्यांना प्राणी हातावर खेळवायचा आहे आणि जिथे कायदा परवानगी देतो, त्यांनी पाळीव पैदाशीची लेपर्ड गेको पाहावी. ती जमिनीवर राहते, तिला पापण्या असतात, शेपटीत चरबी साठवते आणि स्वभावानं सौम्य असते. तिची एक सख्खी बहीण आपल्या खानदेशात आणि गुजरातेत रानात राहते. लोक तिला विषारी समजून दगडानं ठेचतात. ती दिसली तर फक्त बाजूला व्हावं.

ह्यूस्टन सोडायच्या आधी आम्ही चौघं पुन्हा टेबलावर बसलो. मी भाच्याला विचारलं, "समजा, हा तुला जन्मभर हात लावू देणार नाही. फक्त रात्री बाहेर येईल, खाईल, ओरडेल. तरी हवा आहे का?" तो लगेच बोलला नाही, ते मला आवडलं. मग त्यानं वही आणली आणि डॉक्टरांचा नंबर, किडे कुठून आणायचे, त्याच्या परीक्षांच्या दिवसांत फवारा कोण मारणार, असं लिहायला घेतलं. फवाऱ्यापुढे भाऊजींनी आपलं नाव घातलं. शिक्षण संपून नोकरीला दुसऱ्या गावी गेल्यावर काय, या ओळीपुढे भाच्यानं 'सोबत नेणार' असं लिहिलं. ताईनं ते वाचलं आणि खाली स्वतःच्या अक्षरात जोडलं, 'नेता आलं नाही तर वर्षभर आधी सांगणार.'