चिकलठाण्याहून समुद्रापर्यंत

समुद्रकिनाऱ्याच्या सहलीचं बोलणं घरात निघालं की पहिला प्रश्न ‘कुठे?’ आणि दुसरा ‘कितीला?’ असतो. ऑफर संपायच्या आत तिकिटं काढली जातात आणि कपाटातले पासपोर्ट नंतर निघतात. हा क्रम उलटा हवा. आधी पासपोर्ट पाहायचा, मग त्या देशाचा नियम आणि तिकीट सगळ्यात शेवटी. छत्रपती संभाजीनगरातून निघणाऱ्यांना तर हे जास्तच लागू पडतं, कारण आपल्याला परदेशी विमानाच्या आधी आणखी एक प्रवास असतो.

मुदत कशी मोजायची

पासपोर्टवर छापलेली शेवटची तारीख आणि तो वापरता येण्याची शेवटची तारीख या दोन्ही एक नसतात. इंडोनेशियासारखे अनेक देश तिथे उतरण्याच्या दिवशी पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक असावी असा आग्रह धरतात. दिवाळीत बालीला जायचं आणि पासपोर्ट मार्चमध्ये संपतो, तर कागदोपत्री तो जिवंत असूनही विमान कंपनी बोर्डिंग पास देणार नाही.

मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो. मुलांचा पाच वर्षांचा, किंवा अठरा पूर्ण होईपर्यंतचा. आई-वडिलांचे पासपोर्ट ठीक आणि धाकट्याचा संपलेला, हे त्यामुळेच घडतं.

शहरात छावणी भागातल्या टपाल कार्यालयात २०१७पासून पासपोर्ट सेवा केंद्र आहे. ऑनलाइन अर्ज भरायचा, वेळ घ्यायची आणि मूळ कागद घेऊन जायचं. ३६ पानी पासपोर्टचं शुल्क मोठ्यांसाठी १५०० रुपये आहे, तत्काळ हवा असेल तर वर २००० रुपये. तत्काळचा मोह धरू नये. त्याच पैशांत घरातल्या आणखी एकाचा साधा पासपोर्ट निघतो. दोन-तीन महिने हाताशी ठेवून साधा अर्ज करावा. पोलिस पडताळणीच्या वेळी अर्जातल्या पत्त्यावर भेटणं मात्र गरजेचं. शिकायला पुण्यात असलेल्या मुलाने अर्जात पत्ता सिडकोचा दिला, तर पडताळणीसाठी त्याला घरी यावं लागणार.

लहान मुलांच्या बाबतीत २०२५मध्ये नियम बदलला. १ ऑक्टोबर २०२३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्माचा दाखला चालतो. महापालिकेच्या दाखल्यावर बाळाचं नाव घातलेलं नसेल तर ते आधी घालून घ्यावं.

नाव, वडिलांचं नाव, आडनाव

विमानतळावर मराठी माणूस सगळ्यात जास्त अडतो तो इथे. आपल्या नावाचे तीन भाग. पासपोर्टमध्ये मात्र रकाने दोन: एक आडनावाचा आणि दुसरा उरलेल्या नावाचा. समजा, कुणाचं नाव संगीता विठ्ठल जाधव. पासपोर्टात आडनावाच्या रकान्यात जाधव, दुसऱ्यात संगीता विठ्ठल. तिकिटावरही हेच आणि असंच हवं. घाईत तिकीट काढणारा भाचा ‘संगीता जाधव’ एवढंच टाकतो. देशांतर्गत प्रवासात ते बहुधा खपून जातं, परदेशात चालेलच असं नाही.

दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी येतं, आधारवर शेवटी. कुणाचं आधारवर ‘रामराव’ आणि शाळेच्या दाखल्यावर ‘राम’. आईचं नाव एका कागदावर कमल, दुसऱ्यावर कमलबाई. इंग्रजी स्पेलिंगची तऱ्हा तर निराळीच. विठ्ठलमध्ये टी एक की दोन, ज्ञानेश्वरची सुरुवात डीने की जीने, जाधवच्या शेवटी व्ही की ओ, हे त्या त्या वेळी फॉर्म भरणाऱ्या कारकुनाच्या मर्जीवर ठरलेलं असतं. बोलताना या फरकांनी काही बिघडत नाही. संगणकाला मात्र ती दोन वेगळी माणसं वाटतात.

लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचा गुंता याहून मोठा, कारण आपल्याकडे आडनावच नव्हे तर कधी पहिलं नावसुद्धा बदललेलं असतं. पासपोर्टवर माहेरचं नाव असेल तर ते बदलायची सक्ती नाही. त्याच नावाने तिकीट, व्हिसा, हॉटेल, सगळं काढावं. पासपोर्टवर एक आणि तिकिटावर दुसरं, एवढं मात्र होऊ देऊ नये. पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोराच असेल तर जास्त जपावं. संयुक्त अरब अमिरातींनी नोव्हेंबर २०२२पासून पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना पर्यटन व्हिसावर प्रवेश बंद केला आहे. मॉरिशसला दुबईमार्गे जाताना तिथे एखादी रात्र शहरात काढायचा बेत असेल, तर तो इथेच फसतो.

तिकीट काढल्यावर लगेच नाव अक्षर न् अक्षर वाचावं. कंपनीच्या संकेतस्थळावरून थेट काढलेल्या तिकिटात नावाच्या स्पेलिंगची चूक २४ तासांच्या आत कळवली, तर ती दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. उशीर झाला की कंपनी म्हणेल ते.

औरंगाबाद की छत्रपती संभाजीनगर

शहराच्या नव्या नावाला केंद्राची मंजुरी फेब्रुवारी २०२३मध्ये मिळाली. ज्यांच्या पासपोर्टवर जन्मस्थळ औरंगाबाद छापलेलं आहे त्यांचा पासपोर्ट त्यामुळे बाद होत नाही. मुदतीपर्यंत तो चालतो. व्हिसाचा किंवा आगमनाचा फॉर्म भरताना पासपोर्टवर जे छापलंय तेच लिहावं, अभिमान बाजूला ठेवून. रेल्वे स्थानकाचं नाव ऑक्टोबर २०२५मध्ये बदललं आणि त्याचा जुना कोडही गेला. विमान शोधताना नाव सापडलं नाही तर आयएक्सयू हा आपल्या चिकलठाणा विमानतळाचा कोड टाकावा. बिहारमध्येही एक औरंगाबाद आहे, त्यामुळे नावापेक्षा कोड बरा.

चिकलठाणा आणि पुढे

हजच्या खास विमानांनी चिकलठाण्यावरून परदेश गाठल्याचं शहराने पाहिलं आहे. पर्यटकांना मात्र इथून मुंबई, दिल्ली, हैदराबाद अशा मोजक्या शहरांपर्यंतच जाता येतं, आणि वेळापत्रक दर हंगामात बदलतं. म्हणून बहुतेक जण मुंबईपर्यंतचा प्रवास वेगळा आणि पुढचं परदेशी तिकीट वेगळं काढतात. इथला धोका नीट समजून घ्यायला हवा.

दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआरवर असतील, तर पहिलं उशिरा आल्यावर पुढची सोय करणं कंपनीच्या गळ्यात असतं, आणि सामानही बहुधा परस्पर पुढे जातं. तिकिटं वेगळी असली की तुम्ही वाऱ्यावर. सामान घ्यायचं, बाहेर पडायचं, पुन्हा रांगेत लागायचं. मुंबईत देशांतर्गत विमान सांताक्रूझच्या टर्मिनल १वर उतरलं आणि परदेशी सहारच्या टर्मिनल २वरून असेल, तर मध्ये शहरातली रहदारीही आली. शिवाय डिसेंबर २०२५पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली आहेत. तिकिटावर नुसतं ‘मुंबई’ वाचून निघू नये. बीओएम म्हणजे जुना विमानतळ, एनएमआय म्हणजे नवी मुंबई.

माझं मत असं की मुंबईचा हट्ट सोडून चिकलठाण्याहून दिल्ली किंवा हैदराबादमार्गे एकाच तिकिटावर काय मिळतं ते आधी पाहावं. हजार-दोन हजार जास्त गेले तरी चालतील. लेकरं आणि म्हातारी माणसं सोबत असताना सामान पुन्हा ओढायचं नाही, याला मोल आहे.

रेल्वेने मुंबई गाठायची तर दोन बऱ्या वाटा आहेत. देवगिरी एक्सप्रेस रात्री निघून सकाळी मुंबईत पोचवते, दिवसाच्या उड्डाणाला ती सोयीची. परदेशी विमानं मात्र बरीचशी मध्यरात्रीनंतर सुटतात. त्यासाठी सकाळची वंदे भारत चांगली. ही गाडी डिसेंबर २०२३मध्ये जालन्याहून सुरू झाली आणि आता नांदेडहून येते. सीएसएमटीपर्यंत न जाता दादरला उतरावं. समृद्धी महामार्ग जून २०२५मध्ये पूर्ण झाला, माळीवाडा किंवा सावंगीहून चढलं की गाडी आमण्यापर्यंत सुसाट जाते. नंतर भिवंडी-ठाण्याची कोंडी असते आणि तिचा अंदाज कुणालाच देता येत नाही. दोन-अडीच तास जास्तीचे धरूनच निघावं.

मध्यरात्रीच्या तिकिटांचा एक सापळा आहे. आपल्या पंचांगाचा दिवस सूर्योदयाला बदलतो, विमान कंपनीचा रात्री बाराला. १५ तारखेच्या ००.४०च्या विमानासाठी १४ तारखेला संध्याकाळीच विमानतळावर हजर राहायचं असतं. १५च्या रात्री सहकुटुंब पोचलेली माणसं दरवर्षी दिसतात.

कुठे काय लागतं

गोव्याला आधार पुरे. फक्त विमानतळ दोन आहेत हे लक्षात ठेवायचं: दक्षिणेच्या वाटेवरचं दाबोळी आणि पेडणे तालुक्यातलं मोपा, जे जानेवारी २०२३पासून चालू आहे. मुक्काम काणकोणला आणि विमान मोपाला, तर टॅक्सीवाल्याची दिवाळी.

अंदमानलाही भारतीयांना ओळखपत्रच लागतं. पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर २०२४पासून श्री विजयपुरम आहे. हॅवलॉक बेटाचं स्वराज द्वीप २०१८मध्येच झालं, तरी बोटवाल्यांच्या तोंडी अजून हॅवलॉक.

लक्षद्वीप देशातलं असूनही तिथे परवान्याशिवाय पाऊल ठेवता येत नाही. १९६७च्या नियमांनुसार बाहेरच्या प्रत्येकाला प्रवेश परवाना लागतो, आणि तो कुठल्या बेटावर जाणार हे ठरल्यावरच मिळतो. विमान उतरतं ते अगत्ती बेटावर, पुढे बोट. म्हणून इथे तरी हॉटेल आणि परवाना हाती आल्याशिवाय विमानाचं तिकीट काढूच नये.

मालदीवला भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही. हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट आणि प्रवासाच्या आधीच्या ९६ तासांत भरलेला इमुगा हा ऑनलाइन फॉर्म लागतो. दारू आणि पूजेच्या मूर्ती तिथे नेता येत नाहीत. बॅगेत कायम ठेवलेला छोटा गणपती या सहलीपुरता देवघरातच राहू द्यावा.

थायलंडने जुलै २०२४मध्ये भारतीयांना ६० दिवसांची व्हिसामाफी दिली. अशा सवलती येतात तशा जातातही, म्हणून निघण्याआधी दूतावासाचं संकेतस्थळ पाहावं. १ मे २०२५पासून पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन कार्ड भरावं लागतं. ते फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नाहीत.

बालीला उतरल्यावर ३० दिवसांचा व्हिसा पाच लाख रुपिया भरून मिळतो. आकडा ऐकून दचकू नये, तो आपल्या काही हजार रुपयांत बसतो. शिवाय फेब्रुवारी २०२४पासून दीड लाख रुपियांचा पर्यटक कर आहे. बालीची आणखी एक गंमत म्हणजे तिथेही शक मोजतात. शालिवाहनाचं पैठण आपल्या जिल्ह्यातलं, त्यामुळे आपल्याला त्याचं अप्रूप. पण त्यांच्या शकाच्या पहिल्या दिवशी, न्येपीला, अख्खं बेट मौन पाळतं आणि विमानतळ चोवीस तास बंद असतो. पुष्कळदा हा दिवस गुढीपाडव्याच्या आसपास येतो. २०२६मध्ये तर दोन्ही सण १९ मार्चलाच. मार्चमधली तिकिटं काढताना ही तारीख तपासावी.

मॉरिशसलाही पर्यटनासाठी आधी व्हिसा लागत नाही, पण परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि खर्चाची सोय दाखवावी लागते. मुंबईहून थेट विमान आहे. एकोणिसाव्या शतकात गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज तिथे आहेत आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुटी असते. गणपतीत गेलात तर समुद्रावर विसर्जनाची गर्दीही दिसेल.

दहावी न झालेल्यांसाठी

पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे ‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’चा, शेरा असला की घरात भीती पसरते. पन्नाशीच्या आतल्या, दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर तो येतो. हा नियम नोकरीसाठी अठरा देशांत जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठी आहे, आणि त्या यादीत थायलंड व इंडोनेशियाही आहेत. पर्यटकाला वेगळी परवानगी लागत नाही. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग छापून हातात ठेवावं, म्हणजे इमिग्रेशनच्या खिडकीवर उत्तरं शोधावी लागत नाहीत.

कधी जावं

शाळेच्या सुट्या मे आणि दिवाळीत, समुद्राचा हंगाम मात्र वेगळाच. मेच्या तिसऱ्या आठवड्यात मोसमी पाऊस अंदमानला पोचतो. फुकेतही मे ते ऑक्टोबर ओलं असतं. मेमध्ये जायचं तर बाली बरी, तिथे तेव्हा कोरडा काळ असतो. दिवाळीत अंदमान आणि गोवा उत्तम. त्याच दिवसांत थायलंडच्या आखाताकडच्या को सामुईला मात्र पाऊस गाठतो, म्हणून एजंटाने ‘थायलंड’ म्हटलं तर कुठला किनारा ते विचारावं.

बॅग भरताना

सुकं खोबरं विमानात चालत नाही. त्यातल्या तेलाने पेट घ्यायची भीती असते. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, लोणच्याची बरणी चेक-इनमध्ये. एजंटाकडून परदेशी पॅकेज घेतलं तर पॅन द्यावा लागतो आणि वर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, घेतला जातो. ते पैसे बुडत नाहीत, विवरणपत्र भरताना वळते होतात, तरी पावती जपून ठेवावी. पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो घरी राहिलेल्या एखाद्याच्या मोबाइलमध्येही असू द्यावा. परतीचं विमान पहाटे मुंबईत उतरणार असेल तर दुपारच्या वंदे भारतची तिकिटं निघण्याआधीच काढून ठेवावीत, कारण दिवाळीच्या सुटीनंतर ती ऐनवेळी मिळत नाहीत.