सायकलीची बांधणी आणि सुटीचे दिवस

आपल्या शाळेंतील कांहीं विद्यार्थी जुन्या सायकलींचे सुटे भाग जमवून स्वतःच्या हातानें सायकल बांधूं लागले आहेत. उद्योग स्तुत्य आहे. परंतु त्याबरोबर पालकांची एक तक्रारही कानीं येते. जो मुलगा शनिवारीं-रविवारीं डोंगर चढावयास किंवा पोहावयास जाई, तो आतां दोन्ही दिवस ओसरीवर हात काळे करून बसतो, आणि इतकें करूनही काम पुरें होत नाहीं. एक तर सायकल सोड, नाहीं तर भटकणें सोड, असा निकाल मग घरोघर दिला जातो. आम्हांस तो घाईचा वाटतो. या कामाचें स्वरूप नीट ध्यानांत घेतलें, तर त्यासाठीं सुटीचा दिवस मोडण्याचें फारसें कारण उरत नाहीं.

प्रथम रंगाचें पाहा. सांगाड्यावरील गंज काचकागदानें घासून काढल्यावर तांबड्या अस्तराचा एक हात व त्यावर रंगाचे दोन-तीन पातळ हात द्यावे लागतात. एक हात पुरता वाळल्यावांचून दुसरा दिला, तर खालचा थर मऊ राहतो व पुढें नखानेंही सोलून निघतो. म्हणजे श्रम अर्ध्या तासाचे आणि वाट पाहणें दिवसाचें. तेव्हां हा हात शुक्रवारीं सायंकाळीं द्यावा, आणि सोमवारपर्यंत सांगाड्याकडे फिरकूं नये. तुम्ही सिंहगडावर असतां रंग आपला आपण वाळत असतो. पावसाळ्याच्या दमट हवेंत मात्र रंगाच्या नादीं लागूं नये. तें काम दिवाळीनंतर करावें, व आषाढ-श्रावणांत खुशाल डोंगर पाहावे.

चाकाचें काम याहून निराळें, आणि आमच्या मतें सर्वांत मौजेचें. सायकलीची तार इतकी बारीक असते कीं, एकटी उभी धरून वरून दाबली तर तत्काळ वांकेल. मग ३६ तारांचें चाक धडधाकट मनुष्याचें ओझें पेलतें कसें? बैलगाडीच्या चाकाचा आरा दाबला जाऊन भार सोसतो. सायकलीची तार आधींपासूनच ताणून बसविलेली असते. ओझें पडलें म्हणजे जमिनीकडील तारांचा ताण थोडासा उतरतो, इतकेंच. तो अगदीं नाहींसा होत नाहीं तोंपर्यंत तार वांकत नाहीं. म्हणून चाकाचें सारें बळ ताण सारखा असण्यांत आहे. एक तार एकदम आवळली कीं रिम त्या बाजूस ओढली जाते. ती परत आणण्यासाठीं दुसरी आवळावी, तों तिसरीकडे वांक येतो. यासच दुकानदार चाक ‘आऊट’ झालें असें म्हणतात. अशा वेळीं तारेची चाकी पाव फेरा फिरवावी, चाक फिरवून पाहावें, मग पुन्हां पाव फेरा. अर्ध्या-पाऊण तासानें डोळा थकतो, आणि काल सरळ दिसलेली रिम आज वांकडी दिसते. सबंध रविवार बसून जें चाक बिघडतें, तें मंगळवार ते गुरुवार रोज थोडा वेळ दिल्यानें सुधारतें.

मात्र उठण्यापूर्वीं काम कोठें थांबवावें हें कळलें पाहिजे. छऱ्यांची वाटी उघडी टाकून कधींही उठूं नये. ग्रीसला धूळ धरते. साध्या सायकलीच्या पुढील चाकांत बहुधा प्रत्येक बाजूस ३/१६ इंचाचे १० छर्रे असतात, मागील चाकांत १/४ इंचाचे ९. ते मोजून कागदावर मांडावे. डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात, हेंही तेथेंच लिहावें. आठ दिवसांनीं परत बसणारास त्याचा विसर पडतो, व जोर केल्यानें आटे मरतात.

सुटे भाग शोधण्यांतही रविवार जातो म्हणतात. पुण्याचा जुना बाजार बुधवारींही भरतो! जुना चिमटा घेतांना मात्र पालकांनीं स्वतः पाहावा. त्यास भेग किंवा वांक असेल, तर फुकट मिळाला तरी घेऊं नये. घाटाच्या उतारावर चिमटा मोडणें म्हणजे प्राणाशीं गांठ.

डेटन येथील राइट बंधूंनीं १८९२ सालीं सायकलींचें दुकान काढलें, व १८९६ पासून ते स्वतः सायकली बनवूं लागले. विमानाचा उद्योगही त्यांनीं याच दुकानांत चालविला. पण तयार झालेलें यंत्र घेऊन ते किटी हॉकच्या वाळवंटांत, वाऱ्यावर जात. १९०१ सालीं तेथें मनासारखें उड्डाण झालें नाहीं, तेव्हां परत येऊन त्यांनीं दुकानांत वाऱ्याची बंदिस्त पेटी केली, तींत पंखांचे नमुने तपासले, आणि १९०२ सालीं नवें यंत्र घेऊन पुन्हां तेथेंच गेले. जो मुलगा डोंगरांत हिंडतो, त्यासही ठाऊक असतें कीं आपणांस चांगले ब्रेक हवेत; ओसरीवरच बसणारा घंटा व आरसे यांवर पैसे घालवितो.

सायकल बांधून झाली तरी लगेच गडाकडे धांवूं नये. नव्या तारा पहिल्या फेरींत आपापल्या जागीं बसतात व ताण उतरतो. पहिल्या रविवारीं खडकवासल्यापर्यंत जाऊन यावें. सोमवारीं तारा, हँडल व ब्रेक यांवर पुन्हां एकदां पाना फिरवावा, आणि सिंहगडाचा घाट त्यापुढील रविवारीं चढावा.