आकाशातील हुंड्या

आपल्या घराण्यांत रेडिओचा विषय निघाला की वडीलधाऱ्यांना हमखास दोन गोष्टी आठवतात. एक, दुकानात गल्ल्यामागे फळीवर ठेवलेला लाकडी पेटीचा संच. आणि दुसरी, त्या संचासाठी दरवर्षी टपाल कचेरीत भरावयाची परवाना-फी. ते परवानापुस्तक १९८० च्या दशकात इतिहासजमा झाले, लाकडी पेटीही माळ्यावर गेली. परंतु चंद्रपूर, बल्लारपूर, वरोरा किंवा वडसा येथील एखाद्या घरातील नातू आज त्याच गच्चीवर तार बांधून आकाशातून काही ऐकू पाहतो, तेव्हा त्याला गाणी ऐकावयाची नसतात. त्याच्या यंत्रातून येतो तो नुसता खरखराट. त्या खरखराटात आकडे दडलेले असतात आणि ते आकडे उलगडणे हाच त्याचा छंद होय. घरच्यांना हा उद्योग बहुधा निरर्थक वाटतो. तो निरर्थक नाही, हे सांगण्यासाठी आणि त्यात एक खरा धोका आहे तोही सांगण्यासाठी हा लेख आहे.

या छंदाला खरी चालना मिळाली ती २०१२ मध्ये. संगणकावर दूरदर्शन पाहण्यासाठी विकली जाणारी अंगठ्याएवढी एक पट्टी तोवर बाजारात आली होती. तिच्यातील ‘आरटीएल २८३२’ नावाची चिप रेडिओलहरींचे कच्चे मोजमाप जसेच्या तसे संगणकाकडे पाठवू शकते, हे काही हौशी मंडळींच्या ध्यानात आले. परिणाम असा झाला की जे काम करावयास पूर्वी खोलीभर यंत्रसामग्री लागत असे, ते काही हजार रुपयांच्या पट्टीवर आणि फुकट मिळणाऱ्या प्रणालीवर होऊ लागले. सुमारे २४ मेगाहर्ट्‌झपासून १७०० मेगाहर्ट्‌झच्या पुढेपर्यंतचा प्रदेश ही पट्टी ऐकते. ती सेकंदाला वीस लाखांहून अधिक वेळा लहरीचे माप घेते. उरलेले सारे काम गणिताचे.

हे गणित व्यापारी मनुष्याला परके वाटू नये. जुन्या हुंडीत रक्कम एकदाच लिहून भागत नसे. रुपये एक हजार, त्याचे निमे पाचशे, त्या पाचशेचे दुप्पट, अशी तीच रक्कम फिरवून लिहिली जाई. एखादा अक्षर-आकडा पुसला गेला किंवा कोणी खाडाखोड केली तरी उरलेल्या मजकुरावरून खरी रक्कम ठरवता यावी, हा त्यातील हेतू. उपग्रहाकडून येणाऱ्या संदेशातही पाठवणारा असाच जादा मजकूर मुद्दाम गुंफतो. १९६० मध्ये रीड व सॉलोमन या दोन गणितज्ञांनी आणि १९६७ मध्ये विटर्बी यांनी दिलेल्या पद्धती आजही त्यासाठी वापरात आहेत. आपण ऐकत होतो त्या सीडीवरील ओरखडे कानाला जाणवत नसत, ते रीड-सॉलोमन यांच्याच कृपेने.

दुसरा भाग ताळ्याचा. बेरीज बरोबर आली की नाही हे नवाच्या ताळ्याने पाहण्याची रीत जुन्या दिवाणजींना पाठ असे, आणि तिची उणीवही त्यांना ठाऊक असे. चोपन्नऐवजी पंचेचाळीस लिहिले गेले तर ताळा जुळतो, पण हिशेब चुकलेलाच राहतो. अंकीय संदेशाच्या शेवटी जो ताळा जोडलेला असतो तो याहून पुष्कळ कडक असतो. तो जुळला नाही तर संदेश सरळ टाकून दिला जातो. जुना रेडिओ अशक्त झाला की गाणे अस्पष्ट ऐकू येई, पण ऐकू येई. अंकीय संदेशाचे तसे नाही. हुंडी सकारली तरी जाते किंवा नाकारली तरी जाते. अर्धी हुंडी कोणी वटवत नाही. नवख्यांचा पहिला हिरमोड येथेच होतो. तासभर बसूनही पडद्यावर काही उमटत नाही, आणि तार दोन हात उंच नेताच सगळे एकदम उमटू लागते.

आरंभ विमानांपासून करावा. देशाच्या नकाशावर चंद्रपूर कोठे आहे ते पाहा. दिल्लीहून हैदराबाद, बंगळूर, चेन्नईकडे आणि मुंबईहून कोलकात्याकडे जाणारी विमाने विदर्भाच्या आकाशातूनच जातात. बहुतेक प्रवासी विमाने १०९० मेगाहर्ट्‌झवर आपला ठावठिकाणा, उंची व वेग सतत उघडपणे सांगत असतात. प्रत्येक संदेश ११२ बिटांचा, म्हणजे ११२ शून्य-एकांचा. त्यांतील शेवटचे २४ बिट ताळ्याचे. एक बिट एका मायक्रोसेकंदात येतो, म्हणजे सगळा निरोप सेकंदाच्या आठ-नऊ हजाराव्या भागात संपतो. त्यात विमानाचा २४ बिटांचा कायमचा क्रमांक असतो. तो संगणकाच्या सोळा-अंकी पद्धतीने लिहिला आणि सुरुवातीला ८० आले, तर विमान भारतात नोंदलेले आहे असे समजावे. यासाठी तार लागते ती जेमतेम सात सेंटिमीटरची. गच्चीवर मोकळे आकाश असेल तर शे-दीडशे किलोमीटरवरील विमान सहज सापडते. चंद्रपूरच्या पत्र्यावर बसून नागपूरवरून जाणाऱ्या विमानाची उंची वाचता येणे हा अनुभव मुलांना भूमितीचा एक धडा आपोआप शिकवून जातो.

त्यापुढची पायरी हवामान-उपग्रहांची, आणि माझ्या मते या छंदातील सर्वांत रसाळ भाग तोच. अनेक वर्षे जगभरच्या हौशींचे गुरू होते अमेरिकेचे तीन उपग्रह : १९९८ चा ‘नोआ १५’, २००५ चा ‘नोआ १८’ आणि २००९ चा ‘नोआ १९’. त्यांची चित्रे जुन्या, अंकीय नसलेल्या पद्धतीची असल्याने चुकतमाकत का होईना, कोणालाही मिळत. २०२५ च्या जून ते ऑगस्ट या काळात तिघेही बंद करण्यात आले. तेव्हापासून नवशिक्याला थेट अंकीय पद्धतीकडेच वळावे लागते. रशियाचे ‘मेटेओर एम २-३’ (जून २०२३) व ‘मेटेओर एम २-४’ (फेब्रुवारी २०२४) हे दोन उपग्रह १३७ मेगाहर्ट्‌झच्या आसपास सेकंदाला ७२ हजार बिटांच्या गतीने ढगांची चित्रे प्रक्षेपित करतात. नोआच्या त्या चित्रांत चार किलोमीटरपेक्षा लहान गोष्ट दिसत नसे. यांत सुमारे एक किलोमीटरपर्यंत दिसते. वैनगंगेचे पात्र, गोसेखुर्दचा जलाशय, इरई धरण हे सारे स्वच्छ दिवशी ओळखता येते.

त्यासाठीची तार घरी करता येते. ॲल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या दोन काड्या, प्रत्येकी सुमारे ५३ सेंटिमीटर लांब. दोन्हींमध्ये १२० अंशांचा कोन ठेवून त्या जमिनीला समांतर, उत्तर-दक्षिण रोखाने बसवावयाच्या. उपग्रह ध्रुवावरून ध्रुवाकडे जात असल्याने हा रोख. तो सुमारे सव्वाआठशे किलोमीटर उंचीवरून जातो आणि एका फेरीत फार तर दहा-पंधरा मिनिटे आपल्या क्षितिजाच्या वर राहतो. बल्लारशाह स्थानकात थांबल्याशिवाय जाणाऱ्या गाडीची शिट्टी जवळ येताना चढी आणि दूर जाताना उतरती वाटते, तसेच येथेही घडते. उपग्रह येताना त्याची कंपनसंख्या सुमारे तीन किलोहर्ट्‌झने वर सरकते आणि जाताना तितकीच खाली येते. संगणक हा फरक स्वतः सांभाळून घेतो. मग पडद्यावर वरून खाली एकेक ओळ उतरू लागते आणि श्रीलंकेपासून हिमालयापर्यंतचा भूभाग समोर उलगडत जातो. जून महिन्यात मोसमी ढग तेलंगणातून सिरोंच्याकडे सरकताना आपल्याच गच्चीवर उतरवलेल्या चित्रात पाहणे, आणि धान-कापसाच्या व्यवहाराचा विचार करत पाहणे, यातील गोडी वेगळीच.

जागेचा प्रश्न मात्र गंभीर आहे. चंद्रपूर शहरात २९२० मेगावॅटचे महाऔष्णिक केंद्र, त्याच्या उच्चदाब वाहिन्या, कोळसा खाणी आणि प्रत्येक घरातील स्वस्त एलईडी दिवे व चार्जर यांचा मिळून एवढा विद्युत-गोंगाट होतो की क्षीण लहर त्यात बुडून जाते. गडचिरोली जिल्ह्यात उलट परिस्थिती. १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचा दोन तृतीयांशांहून अधिक भाग वनाच्छादित आहे. जेथे मोबाइलला ‘रेंज’ नाही तेथे रेडिओ-आकाश निवांत असते. पण सागाच्या दाट रानात पाने लहर शोषून घेतात, पावसाळ्यात ओली पाने अधिकच. म्हणून शेताचा बांध किंवा तलावाची पाळ उत्तम.

याच आकाशाने एकदा आपल्या दारात थेट काही टाकले होते, हे वाचकांना स्मरत असेल. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची सायंकाळ. महाराष्ट्र व मध्य प्रदेशातील असंख्य लोकांनी आकाशातून जळत जाणाऱ्या रेषा पाहिल्या, आणि सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात आठ-दहा फूट व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले. आसपासच्या शिवारांत धातूचे गोळेही सापडले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी ‘लाँग मार्च ३ बी’ रॉकेटचा तो तिसरा टप्पा असावा, असा अंदाज खगोल-अभ्यासकांनी वर्तवला. पुढे इस्रोच्या शास्त्रज्ञांनी ते अवशेष तपासले. असा अंदाज बांधता येतो तो कक्षांच्या प्रसिद्ध होणाऱ्या आकड्यांवरून. आपला नातू उपग्रह कितीला उगवेल हे ज्या दोन ओळींच्या आकड्यांवरून काढतो, त्याच प्रकारचे हे आकडे.

आणि हौशी माणसाचे ऐकणे खरोखर उपयोगी पडते काय? अमेरिकेच्या नासाचा ‘इमेज’ नावाचा उपग्रह डिसेंबर २००५ मध्ये अचानक मुका झाला व हरवला म्हणून सोडून देण्यात आला. जानेवारी २०१८ मध्ये कॅनडातील स्कॉट टिली हा हौशी श्रोता दुसऱ्याच एका उपग्रहाचा शोध घेत असताना त्याला एक अनोळखी लहर सापडली. ती ‘इमेज’ची निघाली. आपल्याकडे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी एक किलोहून हलका ‘स्वयम्’ हा उपग्रह घडवला आणि तो २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी ३४ मधून आकाशात गेला. रेडिओ-हौशींना एकमेकांस निरोप पोहोचवता यावेत, हाच त्याचा उद्देश होता. अशा लहान उपग्रहांचे क्षीण बोल जगभर विखुरलेले श्रोते टिपतात आणि बनवणाऱ्यांकडे पोहोचवतात.

आता धोक्याविषयी. तार सर्व काही ऐकते. काय ऐकावयाचे हे माणसाने ठरवावयाचे असते. पोलीस, वन विभाग, रेल्वे व खाणी यांचे आपसातील बोलणे आपल्यासाठी नाही. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात, जेथे पोलिसांच्या निरोपावर जवानांचे प्राण अवलंबून राहिले आहेत, तेथे हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानुसार संदेश बेकायदा टिपल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जंगलाच्या कडेला तार व संगणक घेऊन बसलेला अनोळखी तरुण पाहून गावकऱ्यांना संशय येणेही स्वाभाविक आहे. आपल्या शेतावर, दिवसाउजेडी, पोलीस पाटलांना सांगून बसावे.

वाघांचेही तसेच. फेब्रुवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातील एका तरुण वाघाच्या गळ्यात रेडिओपट्टा बांधला गेला; तो सुमारे तीन हजार किलोमीटर भटकून बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोहोचला आणि हे सारे त्या पट्ट्यामुळे कळले. परंतु २०१३ मध्ये मध्य प्रदेशातील एका पट्टाधारी वाघाची माहिती ज्या ई-मेल खात्यात येत होती, त्यात पुण्याहून कोणीतरी शिरू पाहिल्याचे वृत्त आले होते. वाघ कोठे आहे ही माहिती शिकाऱ्याच्या हाती गेली तर काय होईल, हे ताडोबाच्या शेजारी राहणाऱ्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. पट्ट्याची टकटक योगायोगाने कानी पडलीच तर कंपनसंख्या बदलावी आणि चारचौघांत बोलू नये.

ज्या पालकांची मुले या वाटेने निघाली आहेत त्यांनी त्यांना हौशी रेडिओ परवाना मिळवून द्यावा. १९३३ च्या कायद्यापासून आपल्याकडे बिनतारी यंत्र बाळगण्याचा संबंध परवान्याशी जोडलेला आहे, त्यामुळे हाच निर्धोक मार्ग. केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयाची परीक्षा असते, वयाची अट बारा वर्षांची. पहिल्या श्रेणीसाठी मोर्स लिपीची परीक्षा नाही. प्राथमिक वीजशास्त्र व नियम एवढाच अभ्यास. उत्तीर्ण झालेल्यास ‘व्हीयू ३’ ने सुरू होणारे संकेतनाम मिळते, आणि मग ऐकण्याबरोबर बोलताही येते. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमानचे दूरध्वनी कोसळले तेव्हा त्याच कामासाठी पोर्ट ब्लेअरला आलेल्या भारती प्रसाद व त्यांच्या हौशी सहकाऱ्यांनी मुख्य भूमीशी संपर्क चालू ठेवला होता. पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा रस्ता दर पावसाळ्यात तुटतो. तेथील आश्रमशाळेत किंवा किराणा दुकानात असा एक परवानाधारक आणि गाडीच्या बॅटरीवर चालणारा एक संच असावा, त्याचा खर्च चार दुकानदारांनी मिळून उचलण्यासारखा आहे.