मद्रास विद्यापीठ आणि मोकळी झालेली कपाटे

१८५७ हे साल आपण उठावासाठी लक्षात ठेवतो. त्याच वर्षी जानेवारीत कोलकाता, जुलैत मुंबई आणि ५ सप्टेंबरला मद्रास अशी तीन विद्यापीठे स्थापन झाली. मुंबईला जसा राजाबाई टॉवर, तसे चेन्नईला मरीना किनाऱ्यासमोरचे सेनेट हाऊस. रॉबर्ट चिझम या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार ते १८७४ ते १८७९ या काळात बांधले गेले.

आज विद्यापीठाची सहा आवारे आहेत. चेपॉकला मुख्य कचेरी, ग्रंथालय आणि सामाजिक शास्त्रे, मरीना आवारात भारतीय भाषा, गिंडीला विज्ञान, तारामणीला मूलभूत वैद्यकशास्त्र, मदुरवायलला वनस्पतिशास्त्राची क्षेत्रीय प्रयोगशाळा आणि चेतपेटला क्रीडांगण. जी. एन. रामचंद्रन यांनी १९५४ साली कोलॅजेन या प्रथिनाची तिपेडी रचना सुचवली ती याच विद्यापीठात. पदवी नसलेल्या रामानुजनना १९१३ साली महिना ७५ रुपयांची संशोधनवृत्ती दिली, तीही याच विद्यापीठाने.

पण देशातल्या सामान्य वाचकावर विद्यापीठाचे सर्वांत मोठे ऋण आहे ते ग्रंथालयाचे. जानेवारी १९२४ मध्ये गणिताचे प्राध्यापक एस. आर. रंगनाथन इथले पहिले ग्रंथपाल झाले. लंडनला जाऊन ते हे शास्त्र शिकून आले आणि वाचकाने स्वतः कपाटापाशी जाऊन पुस्तक चाळावे, अशी सोय त्यांनी केली. त्यांची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे १९३१ साली, तर द्विबिंदू वर्गीकरण १९३३ साली प्रसिद्ध झाले. ही पद्धत विषयाचे पैलू सुटे करते. तमिळनाडूतील भातरोगांच्या बंदोबस्तावरचे पुस्तक घ्या. शेती हा मूळ विषय. पीक, रोग, उपाय, प्रदेश हे त्याचे पैलू. प्रत्येकाला खूण मिळते, त्या जोडून क्रमांक तयार होतो आणि पुस्तक आपल्या सजातीयांशेजारी जाऊन बसते.

१९३६ साली चेपॉकला ग्रंथालयाची स्वतंत्र इमारत झाली. सरकारी प्राच्य हस्तलिखित ग्रंथालयही अनेक दशके तिथेच होते. ब्रिटिश सर्वेक्षक कॉलिन मॅकेन्झीने जमवलेल्या कागदपत्रांसह त्यात मराठी हस्तलिखितेही आहेत. तंजावरच्या भोसल्यांमुळे मराठी त्या मुलखात शतकानुशतके नांदली, हे विसरून चालणार नाही.

रंगनाथन विद्यापीठाच्या कुंपणात थांबले नाहीत. त्यांच्या प्रयत्नांतून १९४८ साली मद्रासचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला आणि घरपट्टीवर ग्रंथालय उपकर बसला. त्याआधी १९४५ मध्येच कोल्हापूर संस्थानाने असा कायदा करून देशात पहिला मान मिळवला होता. महाराष्ट्राचा कायदा मात्र १९६७ साली आला, आणि त्यात उपकराची तरतूद नाही. त्यामुळे आपली गावोगावची वाचनालये वर्गणीवर आणि सरकारी अनुदानावर तग धरून आहेत.

दर १२ ऑगस्टला, रंगनाथन यांच्या जन्मदिनी, आपण ग्रंथपाल दिन साजरा करतो. त्यांच्या तसबिरीला हार जरूर घालावा. पण वाचनालयांना हक्काचा पैसा मिळवून देणारा उपकर महाराष्ट्राने लागू करावा, ही मागणीही त्याच दिवशी ठामपणे व्हायला हवी.