तबकडीवरची कामिनी

‘आपण चांगलं काम करत राहावं, नाव आपोआप होतं.’ शाळेच्या बक्षीस समारंभापासून निवृत्तीच्या निरोपापर्यंत हे वाक्य ऐकू येतं आणि दाखला म्हणून हमखास लता मंगेशकरांना पुढे केलं जातं. ‘महल’मधलं ‘आयेगा आनेवाला’ गायल्या आणि सगळ्या देशाला माहीत झाल्या, असं. पण नेमका हाच दाखला त्या समजुतीच्या विरोधात जातो.

1949 सालच्या ‘महल’ची तबकडी निघाली तेव्हा तिच्यावर गायिकेच्या जागी नाव छापलं होतं ‘कामिनी’. म्हणजे मधुबालाने रंगवलेल्या पात्राचं. नटनट्यांनी स्वतःच गाण्याचा काळ तेव्हा फार मागे पडला नव्हता. पडद्यावर जी दिसते तीच गाते, असं प्रेक्षकाला वाटत राहण्यात निर्मात्यांची सोय होती. गाण्याच्या सुरुवातीला आवाज दुरून जवळ येतो. त्यासाठी लताबाईंनी खोलीच्या कोपऱ्यातून गायला सुरुवात केली आणि गात गात त्या मधल्या मायक्रोफोनपर्यंत चालत आल्या. एवढं करून तबकडीवर नाव मात्र पात्राचं!

गाणं रेडिओवर लागू लागलं, गाणारी कोण म्हणून श्रोत्यांची पत्रं आली, रेडिओने रेकॉर्ड कंपनीकडे चौकशी केली आणि मग नाव जाहीर झालं. लताबाईंनी स्वतः मुलाखतींमधून हे सांगितलं आहे. काम बोललं, यात शंका नाही. पण नाव त्याने सांगितलं नाही, ते श्रोत्यांना विचारून घ्यावं लागलं.

त्याच चित्रपटात गायिका राजकुमारीही गायल्या आहेत. त्यांची गाणी जाणकार आजही आवर्जून ऐकतात. तरी पुढच्या काही वर्षांत त्यांचं काम आटत गेलं. ‘पाकिजा’च्या वेळी त्या संगीतकार नौशादना कोरसमध्ये उभ्या दिसल्या, हा किस्सा प्रसिद्ध आहे. ‘आपोआप’वाल्यांनी एकदा सांगावंच, राजकुमारींचं गाणं कुठे कमी पडलं होतं?

लताबाई ‘आपोआप’वर विसंबल्या नाहीत. ‘चोरी चोरी’च्या संगीताला फिल्मफेअर मिळालं तेव्हा समारंभात गायला त्यांनी नकार दिला. पुरस्कार संगीतकाराला आहे, गायकाला नाही, तर नुसती चाल वाजवा, असं त्यांचं म्हणणं होतं. पार्श्वगायनाचा पुरस्कार 1959 मध्ये सुरू झाला आणि पहिला त्यांनाच मिळाला, ‘मधुमती’साठी. साठच्या दशकात गायकांच्या रॉयल्टीवरून मोहम्मद रफींशी मतभेद झाले, काही वर्षं दोघांची द्वंद्वगीतं थांबली. या सगळ्याला अहंकार म्हणणारे आजही भेटतात. आपल्या कामावर आपलं नाव असावं, हा अहंकार कसा? छापखान्यातला खिळे जुळवणाराही तेवढी अपेक्षा ठेवू शकतो.

आणि नावाची हाव म्हणावी, तर मराठीत त्यांनी ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘साधी माणसं’ अशा चित्रपटांना संगीत दिलं ते ‘आनंदघन’ या टोपणनावाने. ‘साधी माणसं’ला राज्य पुरस्कार मिळाला तेव्हाही त्या प्रेक्षकांत बसूनच राहिल्या. आनंदघन म्हणजे कोण, हे व्यासपीठावरून सांगावं लागलं. नाव लावायचं की लपवायचं, हे त्यांनी ठरवलं. ‘महल’च्या वेळी ते दुसऱ्यांनी ठरवलं होतं.

‘महल’ने त्या रातोरात प्रसिद्ध झाल्या, असं म्हणणाऱ्यांसाठी: ‘किती हसाल’साठी त्या गायल्या ते 1942 मध्ये, आणि ते गाणं चित्रपटात घेतलंच गेलं नाही. ‘महल’ त्यानंतर सात वर्षांनी आला.

  

‘आता काळ बदलला, श्रेय मिळतंच’ असंही म्हणतात. तो बदलही कुणी तरी मागून घेतला आहे. कलावंताला आपल्या सादरीकरणावर आपली ओळख सांगण्याचा हक्क कॉपीराइट कायद्यात आला तो 2012 च्या दुरुस्तीने, कलम 38 ब म्हणून. ‘महल’ प्रदर्शित होऊन तेव्हा 63 वर्षं झाली होती.